खालच्या थरातले गोटे

मी चौतीस वर्षांची असताना शाळेतली भूगोल शिकवायची नोकरी सोडली आणि संशोधनाला लागले. घरात हे सांगितलं तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, आणि तू नेमकी तेच शोधायला निघालीस." एवढं बोलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेतून आणणं, तिला जेवू घालणं, तिचे पाढे घेणं, सगळं त्यांनी न सांगता अंगावर घेतलं. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी फिरतीवर असायचा. सासूबाई नसत्या तर माझं संशोधन पहिल्या महिन्यातच गुंडाळलं गेलं असतं.

पण ही गोष्ट त्यांची नाही, निदान सगळी नाही. ही पातळकाकांची गोष्ट आहे, आणि मी त्यांच्याशी कशी वागले त्याची.

पातळकाका विद्यापीठातल्या आमच्या भूशास्त्र विभागाच्या तळघरात दगड कापायचे. अंगानं चांगले आडवे होते, तळघराच्या दारातून जाताना जरा तिरके व्हायचे. नाव पडलं होतं ते कामावरून. दगडाचा काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि तो घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. केसाच्या निम्म्याइतकाही जाड राहून चालत नाही. मग ती पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली की दगड कशाकशाचा बनलाय आणि कुठल्या डोंगरातून आलाय हे सांगता येतं. एकतीस वर्षं ते हेच करत होते. पाण्याच्या धारेखाली फिरणारी करवत, घासायच्या दोन लोखंडी तबकड्या, भिंतीला लागून पत्र्याची कपाटं, आणि सगळ्यावर दगडाच्या पिठाचा एक ओलसर थर. त्यांच्या मिशीवरसुद्धा तो असायचा. विभागातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पदवी या तळघरातून वर गेलेली होती. पण प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराच्या यादीत काकांचं नाव आलंच तर सगळ्यात शेवटी, छपाईवाल्याच्या आधी.

माझा विषय होता आमच्याकडची नदी आणि तिच्या मागे उभा असलेला डोंगर. नदी उत्तरेकडच्या डोंगरातून निघते आणि दक्षिणेला सपाटीवर उतरते. जिथे ती डोंगर सोडते तिथे तिनं एक दरड कापून काढली आहे, चार मजली इमारतीएवढी उंच. त्या दरडीत जुन्या नद्यांनी टाकलेले गोटे, वाळू आणि गाळ थरावर थर रचलेले दिसतात. डोंगर वर येतो तसा तो झिजतही असतो, आणि त्याची झीज नद्या पायथ्याशी आणून टाकतात. म्हणून डोंगर केव्हा आणि कसा उठला हे डोंगराला विचारून फारसं कळत नाही, त्याच्या पायथ्याच्या गाळाला विचारावं लागतं. माझ्या मार्गदर्शक बाई हे पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. लिहून घेतलेलं आणि समजलेलं यांत किती अंतर असतं ते पुढे कळलं.

मी दोन दिवसांत घाईघाईनं दरडीतून बारा नमुने आणले. तळाच्या थरातून वर जात जात, एक ते बारा, पांढऱ्या रंगानं आकडे टाकून. तळाचे पाच जुन्या गोट्यांच्या थरातले, मधले दोन घट्ट राखाडी चिखलाचे आणि वरचे पाच पुन्हा गोट्यांचे. मातीनं माखलेले असल्यामुळे गोटे बाहेरून सारखेच तांबूस दिसत होते. ते मी काकांच्या हवाली केले.

त्या दिवसांत मी बराच वेळ तळघरातच असायचे. एका दुपारी काकांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. काप हवा तितका पातळ झाला की त्यातले गारगोटीचे कण करडे दिसतात, अजून जाड असेल तर पिवळट. काकांनी विचारलं, "ताई, पिवळे दिसतायत की करडे?" मी करडे म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि वर्षभरापासून त्यांना सगळंच पिवळं दिसतं. जाडी ते बोटांनी ओळखत होते, बोट फिरवलं की कळतं म्हणाले, आणि शेवटी कुणाला तरी सहज म्हणून विचारून खात्री करून घ्यायचे. ऑपरेशन करायचं तर रजा घ्यावी लागेल, आणि या वयात रजेवर गेलं की लोक म्हणतील आता घरीच बसा. कोणाला सांगू नका, एवढंच त्यांनी मागितलं. मी शब्द दिला.

महिन्याभरानं बारा पट्ट्या माझ्या टेबलावर आल्या. आठ ते बारा पाहताना मी खूश होते. त्यांत उत्तरेच्या डोंगरातले अभ्रकाचे चमकदार पापुद्रे होते, तामड्याचे बारीक डाळिंबी कण होते. जे असायला हवं ते सगळं. मग मी एक ते पाच लावल्या, आणि डोकं चालेना. अभ्रक नाही, तामडा नाही. नुसती झिजून गोल झालेली गारगोटी आणि एक गुलाबी खनिज. असा गुलाबी दगड आमच्या भागात एकाच ठिकाणी आहे, दक्षिणेच्या पठारावर. म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला, दरडीपासून तिथे बसनं जायला पाच तास लागतात. खालचा दगड वर कसा येईल? पाणी उताराला जातं, हे माझी मुलगीही सांगू शकली असती.

याचं उत्तर माझ्या हाताशी तयार होतं. त्याच महिन्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं त्या पठारावरचे नमुने काकांकडे कापायला दिले होते, आणि त्यांच्यावरही पांढऱ्या रंगानं एक, दोन, तीन असेच आकडे होते. म्हणजे अदलाबदल झाली. डोळ्यांनी अधू माणसाच्या हातून आणखी काय होणार?

विभागाला प्रगतीचा अहवाल द्यायला तीन आठवडे उरले होते. मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक फार लवकर दिसते. मी विभागप्रमुखांना अर्ज लिहिला. नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, माझं वर्षभराचं काम धोक्यात आहे, असं त्यात लिहिलं. आणि शेवटी एक ओळ लिहिली की संबंधित कर्मचाऱ्यांच्या दृष्टीत दोष असून त्यांनी स्वतः तो माझ्याजवळ मान्य केला आहे. ही ओळ लिहिताना हात थांबला होता. पण थांबून पुन्हा चालू झाला.

पुढच्या सोमवारी काकांना करवतीवरून काढून नमुन्यांच्या कपाटांची झाडपूस करायला बसवलं. कुणी काही ओरडलं नाही, चौकशी झाली नाही. एकतीस वर्षं करवत चालवलेला माणूस हातात फडकं घेऊन कपाट पुसत होता आणि येणारेजाणारे नजर चुकवत होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते मला समोरासमोर भेटले. मी बाजूनं निघून जाणार, तेवढ्यात ते म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली असेल तर मला दाखवा. नुसतं म्हणू नका." आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांचं तर त्यांनी नावही काढलं नाही.

त्या दिवशी घरी मला जेवण जाईना. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, अर्थात माझी बाजू वर राहील अशा बेतानं. त्यांनी वीस वर्षं गणवेश शिवायच्या कारखान्यात काढली होती. एकदा दुसरीनं शिवलेल्या वाकड्या कॉलरचा आळ त्यांच्यावर आला आणि तपासणीवालीनं न विचारताच त्यांना मशीनवरून उठवलं. पुढे खरं काय ते बाहेर आलं, पण उठवल्याचे ते चार दिवस त्या अजून विसरलेल्या नव्हत्या. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अर्ज लिहायच्या आधी तू त्यांना विचारलंस का?"

मी नाही म्हणाले. त्या उठल्या आणि ताटं गोळा करायला लागल्या. त्यांनी मला चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तळघरात गेले. काकांनी फडकं खाली ठेवलं, एका कपाटातून पत्र्याचा ट्रे काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दगड कापला की जो तुकडा उरतो तो बहुतेक जण टाकून देतात. काका टाकत नव्हते. माझ्या बाराही नमुन्यांचे उरलेले तुकडे तिथे ओळीनं होते. तीन आकड्याच्या तुकड्याची कापलेली बाजू गुलाबी होती, आणि बाहेरच्या बाजूला पांढऱ्या रंगात तीन लिहिलेला होता. काका म्हणाले की आकडा तुमच्याच हातचा आहे, बघा. मी बघितलं. माझाच वाटत होता. पण तीन हा तीनच असतो, त्या विद्यार्थ्याचाही असाच असू शकतो, असं मी म्हणाले. हे बोलताना मला माझीच लाज वाटत होती, तरी बोलले. दगडाखाली हात सापडावा तशी माझी गत झाली होती. ओढला तरी दुखणार, ठेवला तरी दुखणार.

काकांनी ट्रे आत ठेवला आणि म्हणाले, "मग चला, पुन्हा आणू. या वेळी मी बरोबर येतो."

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाईंनी अर्जाची गोष्ट आधीच ऐकलेली होती आणि मी त्यांना न विचारता तो दिला म्हणून त्या माझ्यावर नाराज होत्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: दोघांनी जायचं, दोघांच्या डोळ्यांदेखत नमुने घ्यायचे, आणि जे सापडेल त्यावर दोघांनी सही करायची. काका निघताना हळूच म्हणाले, डोळ्यांदेखत म्हणजे तीनच डोळे धरा बाई, माझे दोन मिळून एक. बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

बसमध्ये काका खिडकीपाशी बसले होते. नवी वाटावी अशी एक हातोडी त्यांनी मांडीवर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. बोलता बोलता कळलं की ते आजवर कधीच अशा कामासाठी बाहेर पडलेले नाहीत. एकतीस वर्षांत हजारो दगड त्यांच्या हाताखालून गेले, पण एकही दगड कुठून आला ती जागा त्यांनी पाहिलेली नव्हती. कोणी नेलंच नाही, म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, विचारलं म्हणून सांगितलं.

नदीवर पोचलो तेव्हा ते आधी दरडीकडे गेलेच नाहीत. पाण्याच्या कडेला गोट्यांवर बसले आणि एकेक गोटा उचलून हातात फिरवायला लागले. "हा ओळखीचा," म्हणायचे आणि खाली ठेवायचे. "हाही." एखाद्या लग्नघरात नातेवाईक भेटावेत तसं चाललं होतं. त्यांचा तो आनंद बघून मला थोडं सैल वाटलं, आणि शिक्षिका असल्यामुळे शिकवायला मी लागलेच. काठावरचे चपटे गोटे कसे एकमेकांवर रेललेत ते त्यांना दाखवलं. अर्ध्या रिकाम्या कपाटातली पुस्तकं कलंडतात तसे. पाण्याचा जोर मागून आला की चपटा गोटा कलतो, आणि पाणी ज्या दिशेला जातंय त्या दिशेला त्याचं डोकं, म्हणजे वर उचललेली कड, होतं. इथे सगळ्यांची डोकी दक्षिणेला आहेत, कारण नदी दक्षिणेला जाते. काकांनी दहावीस गोट्यांवरून हात फिरवून खात्री केली, मगच मान डोलावली.

मग आम्ही दरडीपाशी गेलो. पायवाटेनं आधी वरच्या थरापर्यंत चढलो. काकांना धाप लागली होती, पण थांबले नाहीत. तिथून नमुने घेतले आणि हळूहळू खाली उतरलो. मधला राखाडी चिखलाचा थर वहीच्या पानांसारखा बारीक बारीक पापुद्र्यांचा होता. त्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा हात फिरवला. हे साठलेल्या पाण्यातलं दिसतं, म्हणाले. वाहत्या पाण्यात असं मऊ बसत नाही, त्यांच्या घासायच्या तबकडीखालच्या टाकीत तळाला असाच गाळ बसतो. बरोबर होतं ते. माझ्या वहीत त्या थरापुढे फक्त 'चिखल' असा एक शब्द होता.

तळाशी पोचल्यावर मी नमुना घ्यायची जागा शोधत होते. काका दरडीला अगदी चिकटून उभे होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून दोन्ही पंजे भिंतीवर पसरून ते गोटे चाचपत होते. बराच वेळ झाला तशी मी हाक मारली. ते जागचे हलले नाहीत.

"ताई, हे उलटे आहेत," ते म्हणाले.

मला कळलं नाही. ते म्हणाले, वरच्या थरात गोट्यांची डोकी तिकडे होती, नदी जाते तिकडे. इथे डोंगराकडे आहेत. मी म्हणाले की तसं होणार नाही काका, दरड ढासळताना एखाददुसरा गोटा फिरला असेल. ते म्हणाले, "एखाददुसरा नाही. हात लावून बघा."

मी हात लावला. मग डोळ्यांनी बघितलं, आणि एकदा दिसल्यावर ते इतकं उघड होतं की आधी कसं दिसलं नाही तेच कळेना. अख्ख्या थरात गोटे डोंगराकडे डोकं करून कललेले होते. मी होकायंत्र काढलं आणि पन्नास गोटे मोजले. त्रेचाळीस उत्तरेला. काकांनी फडक्यातून हातोडी काढली, मी दाखवलेल्या गोट्यावर एक घाव घातला आणि त्याचे दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. आतून गुलाबी. माझा तीन नंबर.

मी तिथेच वाळूत बसले. एवढा वेळ ती दरड मला जे सांगत होती ते काकांच्या पट्ट्यांनी केव्हाच माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. खालचे गोटे पठारावरचे होते, कारण तेव्हा नदी पठारावरून इकडे येत होती. दक्षिणेकडून उत्तरेला, आजच्या बरोबर उलट. वाटेत डोंगर नव्हताच. मग जमीन उत्तरेला उचलली जायला लागली, वर्षाला एखाद्या दाण्याइतकी, पण लाखो वर्षं न थांबता. नदीचा उतार कमी कमी होत संपला. पाणी अडलं, तुंबलं, तळं झालं, त्यात तो राखाडी चिखल बसत गेला. आणि डोंगर पुरेसा उंच झाल्यावर त्याच्याच अंगावरून नद्या खाली उतरल्या, त्याचं अभ्रक आणि त्याचा तामडा घेऊन, दक्षिणेकडे. तीन थर, आणि त्यांत डोंगराचा सगळा जन्म. पहिल्या वेळीही मी हीच दरड बघितली होती. पण नदी समोर दक्षिणेला वाहताना दिसत होती, त्यामुळे ती पूर्वीही तिकडेच वाहत असणार हे मी गृहीत धरलं होतं. विचारायची गरजच वाटली नाही. काकांनाही मी असंच काही विचारलं नव्हतं.

मी हे सगळं त्यांना तुटक तुटक सांगितलं. ते समोर बसून ऐकत होते. सांगून झाल्यावर मी म्हणाले, "काका, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. आणि तुम्ही विश्वासानं सांगितलेलं कागदावर लिहिलं. त्याला माफी नाही, तरी मागते."

ते हातातल्या गोट्याची माती अंगठ्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "राग आला होता. खोटं कशाला सांगू? डोळ्यांचं लिहिलंत त्याचा जास्त आला. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं मी, तिला बाहेरून कळलं." ते पुढे म्हणाले, "पण तुम्ही अर्ज दिला नसता तर मी आज इथे आलो नसतो. त्यामुळे रागाचं काय करावं ते मला कळेनासं झालंय."

मग त्यांनी डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. आम्ही जेवलो. त्या डब्याइतकं गोड मला त्यानंतर काही लागलेलं नाही, आणि तेवढं अवघडही.

परत आल्यावर अहवालावर दोघांनी सह्या केल्या. मी अर्ज मागे घेतला. विभागप्रमुख म्हणाले की झालं, विषय संपला. मला ते पटलं नाही. आळ कागदावर घेतला होता, तर तो उतरवायलाही कागदच हवा. मी विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून वाचून दाखवलं की चूक माझी होती, नमुने आणि पट्ट्या बिनचूक होत्या, आणि माझ्या संशोधनातला सगळ्यात मोठा शोध काकांच्या हाताला लागलेला आहे. बाई मागच्या रांगेतून उठल्या आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्याच आठवड्यात काका करवतीवर परत गेले.

ऑपरेशनचं काकूंनीच मनावर घेतलं. नवऱ्यानं वर्षभर लपवलं याचा राग त्यांच्या मनात होता, आणि माझ्यावरही होताच. पहिल्यांदा मी घरी गेले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. दुसऱ्यांदा मी सासूबाईंना बरोबर नेलं. दोघी स्वयंपाकघरात तासभर काय बोलल्या ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण बाहेर आल्या तेव्हा काकू मला म्हणाल्या, "दवाखान्यात दोन्ही वेळेस तू यायचंस. तीच तुझी शिक्षा." मी गेले. काकांच्या सुट्टीत कोणीही त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला नाही, बाईंनी तसं पक्कं करून घेतलं होतं. महिन्याभरानं ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि म्हणाले, करडा म्हणजे इतका करडा असतो हे विसरलोच होतो.

पुढे दोन वर्षं काका माझ्याबरोबर सात वेळा दरडीवर आले. आम्ही नदीच्या दोन्ही बाजूंना आणखी चार ठिकाणी तेच तीन थर शोधले. एकूण साडेतीनशे पट्ट्या झाल्या, त्यांतल्या कित्येक त्यांनी सुट्टीच्या दिवशी कापल्या. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. गोट्यांचा कल पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी काकांना वर बोलावून घेतलं. काका तसेच आले, अंगात ओला अ‍ॅप्रन, मिशीवर दगडाचं पीठ. परीक्षकांनी त्यांना खुर्ची दिली आणि इतक्या लोकांनी पाहिलेल्या दरडीत तुम्हालाच हे कसं सापडलं, असं विचारलं. काका म्हणाले की दिसत नव्हतं साहेब, म्हणून हात लावावा लागला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य आपल्या कागदावर उतरवून घेतलं.

तो शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर तीन नावं होती, बाईंचं, माझं आणि काकांचं. विभागात कुणीतरी कुरकुर केली की दगड कापणाऱ्याचं नाव लेखकांत कसं. बाईंनी त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या प्रबंधातल्या पट्ट्या कोणी कापल्या होत्या, एवढंच विचारलं. काकांनी निबंधाची प्रत घरी नेली. त्यातलं अक्षरही काकूंना कळलं नाही, पण नाव सापडलं आणि त्याखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली.

काका निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. मी त्याच विभागात शिकवते. नवे विद्यार्थी आले की मी त्यांना पहिल्याच महिन्यात तळघरात बसवते, आणि दगड कापणाऱ्या आमच्या आताच्या बाईंना वर्षातून दोनदा तरी डोंगराच्या पायथ्याशी नेते. पट्टीत काही विचित्र दिसलं तर आधी खाली जाऊन विचारायचं, असा माझ्याकडे नियम आहे. तो मोडणाऱ्याला मी हा सगळा किस्सा ऐकवते, त्यातली माझी वाईट बाजू न गाळता. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. तिनं हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मी चुकले तर ती दुरुस्त करते.

मला जे मिळालं ते मी मिळवलं असं मला वाटत नाही. एका माणसानं राग बाजूला ठेवून माझ्याबरोबर बसचा प्रवास केला आणि एका बाईनं जेवताना मला एक प्रश्न विचारला. या दोघांवाचून मी चुकीच्या नदीवर प्रबंध लिहून मोकळी झाले असते, आणि एका चांगल्या माणसाच्या नोकरीची शेवटची वर्षं फडकं मारण्यात गेली असती. सासूबाईंना हे मी त्या असताना सांगू शकले, हेही माझं नशीबच.

काकांना दर पंधरा दिवसांनी भेटायला जाते. आभाराचा विषय निघाला की ते हात झटकतात. त्यांना त्यात रस नाही. त्यांना वेगळंच हवं असतं. पठारावरून निघालेली ती जुनी नदी उत्तरेला पुढे कुठे जात होती, ते विचारतात. तिचं तोंड कुठे होतं, समुद्र कुठे होता? हे अजून कोणालाच माहीत नाही. तिचा पुढचा गाळ डोंगर उठताना त्याच्याच पोटात वळ्या पडून दाबला गेला असणार. गेल्या महिन्यात आम्हाला डोंगराच्या पलीकडच्या एका घळीत गुलाबी गोट्यांचा एक पट्टा सापडला, जवळजवळ उभा झालेला. मी त्यातला एक गोटा त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि तो दोन्ही हातांत बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, याचा काप त्या नव्या बाईंकडून लवकर करून घ्या, आणि पुढच्या वेळी जीप जाणार असेल तर पुढची सीट माझी.